रिकाम्या ऐरणीचा आवाज

१२ मार्च १९७४

डेल्मानं शाळेतली उरलेली वही मला दिली. म्हणाली, आजी, दिवसभर पुटपुटतेस ते यात लिही. बारा वर्षांची नात, पण जीभ आईच्या वळणावर गेली आहे. बोर्डिंगच्या शाळेत आम्हांला छड्या मारमारून लिहायला शिकवलं, ते निदान आता कामाला येईल. वहीच्या ओळी मात्र इतक्या फिकट छापल्या आहेत की शोधाव्या लागतात. हल्ली कागदातही लबाडी करतात.

लिहायचं खरं कारण वेगळं आहे. मला जावयाचा संशय येतो आणि तो घरात बोलून दाखवायची सोय नाही. अर्लीनला काही बोललं की ती दार आपटते.

तेरा वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही, त्यानं माझं नाही. सासू-जावयानं एकमेकांना पाहिलं तर डोळे जातात, हे आमच्यात पोरंसोरंही जाणतात. माझ्या शालीला चांदीची चार घुंगरं आहेत. ती वाजली की तो दाराआड होतो. माझं होगन, लाकूडमातीचं गोल घर, या अंगाला, त्याची चांदीकामाची शेड त्या अंगाला, मधे मेंढ्यांचा वाडा. मी फिरोज्याचे खडे आणि शिंपले कापून घासते. अर्लीन ते डब्यातून शेडमध्ये नेते आणि तो चांदीत बसवतो. आमच्या कामावर आजवर कुणी बोट ठेवलं नाही.

आता डेल्माचा हार करायला घेतला आहे. माझ्या आईच्या चामड्याच्या पिशवीत अठरा खडे होते; ते ज्या खाणीतले, ती केव्हाच बंद पडली. असा निळा खडा आता कुठल्याही दुकानात मिळत नाही. पोर शहाणी होईल त्या चार दिवसांत तिनं हा हार घालून पहाटे पूर्वेकडे धावायचं आहे. तो दिवस काही सांगून येत नाही, म्हणून हार आधी हवा. मी सहा खडे घासून दिले. आज अर्लीननं त्यातले तीन कोंदणात बसवलेले दाखवायला आणले.

खडे हिरवट होते. अंगाचं तेल पिऊन फिरोजा हिरवा पडतो हे मला कुणी शिकवायला नको, पण त्याला वर्षं लागतात. आठ दिवसांत खडा रंग बदलत नाही, बदलतो तो माणूस. शिवाय अंगठ्याखाली ते मला लहान लागले. मी अर्लीनला एवढंच म्हटलं, छान आहेत.

१५ मार्च

पाण्याच्या पिंपाजवळ बर्फावरून घसरले. पिंप होतं तिथे नव्हतं, कुणीतरी हलवलं असणार. पडल्यावर उठायच्या आत कुणीतरी माझ्या डोक्यावरून कोट टाकला, काखेत हात घालून उभं केलं आणि माझा हात दाराच्या चौकटीवर ठेवून निघून गेलं. कोट बाजूला केला तर अर्लीन समोर. म्हणते, मीच उचललं. कोटाला भट्टीचा आणि चांदी सांधायच्या डाखाचा वास येत होता. अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तिच्या कपड्यांना कांद्याचा वास येतो.

२ एप्रिल

पडले तेव्हा एक घुंगरू चेपलं होतं. अर्लीननं शाल दुरुस्तीला नेली. चार घुंगरं दिली होती, सहा आली, आणि आवाज असा की मेंढ्या चरताना माना वर करतात. मी मागितली नव्हती. विचार केला तेव्हा लक्षात आलं. मी कुठे आहे हे त्याला लांबूनच कळायला हवं, म्हणजे माझ्यापासून जे लपवायचं ते लपवायला सवड मिळते. हुशार आहे.

त्यानं माझ्या दारापासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर तारही ओढली आहे. कपडे वाळत घालायला म्हणे. इतक्या खाली कोण कपडे वाळत घालतं? मेंढ्याच चावतील. जाता-येता हात मात्र आपोआप तारेवर जातो.

रॉकेलही तोच आणतो. दिव्याभोवती सारखं कडं दिसतं, नक्कीच पाणी मिसळलेलं आणत असणार.

१९ एप्रिल

आज पक्की खात्री झाली की शेडमध्ये काहीतरी चाललं आहे.

रोज संध्याकाळी मी मेंढ्या घेऊन परतते, नेमका त्याच वेळी तिकडे हातोडा वाजायला लागतो. ठण्, ठण्, ठण्, एकसारखा. मेंढ्या वाड्यात गेल्या की बंद. मी चांदीकाम करणाऱ्याची बायको होते, चाळीस वर्षं तो आवाज ऐकला आहे. चांदीवर हातोडा पडला की आवाज मऊ येतो, ठशावर पडला की तुटक येतो. हा आवाज दोन्हींतला नाही, नुसत्या लोखंडावर लोखंड. रिकाम्या ऐरणीवर शहाणा माणूस कधी घाव घालत नाही. ऐरणीच्या तोंडाला खळगे पडतात आणि मग तिच्यावर ठेवलेल्या प्रत्येक चांदीच्या पत्र्यावर ते उमटतात. ती ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, त्याच्या बापानं घासूनपुसून आरशासारखी करून लग्नात दिलेली. अशी वस्तू माणूस फुकट नासवत नाही. दुसरा कुठलातरी आवाज झाकायला हा आवाज असणार.

अर्लीनला विचारलं तर म्हणाली, अगं, हात मोकळा करत असेल. आणि माझ्याकडे न बघता बटाटे सोलायला लागली.

४ मे

ग्लेडिस आली होती, माझी धाकटी बहीण. येताना डबाबंद पीच आणि सगळ्या खोऱ्याच्या बातम्या घेऊन येते. म्हणाली, बाजारात आता दगडाचा चुरा आणि प्लास्टिक ओतून फिरोज्याचे ठोकळे करतात, आणि चांगले चांगले कारागीर खरा खडा बाजूला ठेवून तो ठोकळा बसवतात. पर्यटकांना काय कळतंय.

मी तिला डेल्माच्या हाराचं सांगितलं. तिनं माझा कप स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "अक्का, तू मघाशी कॉफी कपाच्या बाहेर ओतलीस."

मी म्हटलं कप ठेंगणा आहे.

"तुझ्या डोळ्यांना काही झालंय का? जावयानं बघितलं नाही ना तुला?"

माझे डोळे ठणठणीत आहेत, तसं तिला सांगितलं. पण ती गेल्यावर तो कोट आठवला. तो वास आठवला. त्यानं मला पाहिलं असेल तर डोळे माझे जायचे की त्याचे? दोघांचे म्हणतात. पण ज्याला शरम नाही त्याचं काय जातं?

मधे आणखी सहा खडे दिले होते; उरलेल्या सहा खड्यांच्या पाठीवर आज सुईनं खूण केली, एक आडवी रेघ. खडा बदलला तर खूण जाईल. रेघ ओढताना सुई तीनदा बोटात गेली. सुयाही आता बोथट येतात. खूण झाली हे नखानं तपासून मगच डबा अर्लीनच्या हातात दिला.

११ मे

हे लिहावं की नाही याचा दुपारपासून विचार करते आहे.

मी घुंगरं काढून पिठाच्या पिशवीत ठेवली आणि शेडच्या मागच्या खिडकीशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. आईनं पाहिलं असतं तर तिनं मला मुलगी म्हटलं नसतं. पण आईचेच खडे होते ना ते.

आत चाक फिरत होतं, ओलं चाक, खडे घासायचं. चांदीवाल्याला त्या चाकाशी काय काम? खडे मी घासून देते. घासलेले खडे पुन्हा घासायचं कारण एकच, ते खडे माझे नाहीत. दुसऱ्याच दगडांना माझ्या खड्यांचा आकार देणं चाललं होतं. मग चाक थांबलं. तो बाकावरचं काहीतरी उचलून उजेडात धरून बघत होता, बराच वेळ.

मी त्याला पाहिलं असं म्हणता येणार नाही. काच फार घाणेरडी होती. हॅट तेवढी दिसली.

परत येऊन घुंगरं पुन्हा शालीला लावली. त्यानं मला पाहिलं तर पाप त्याचं. मी पाहिलं ते माझ्या नातीसाठी. दोन्ही एकच कसं होईल?

१२ मे

त्याचं खोगीर दाराबाहेर ठेवलं.

खोगीर बाहेर आलं की नवऱ्यानं घर सोडायचं, ही आमची रीत; ते खरं तर अर्लीननं करायचं, नवरा तिचा. पण ती करणार नाही. म्हणून ती कामाला गेल्यावर मी त्यांच्या घरात गेले, खोगीर खुंटीवरून काढलं आणि ओढत उंबऱ्याबाहेर आणलं. जड होतं. मग आत बसून राहिले, शाल अंगावर घेऊन.

दुपारी त्याची गाडी आली. इंजिन बंद झालं. मी मुद्दाम शाल हलवली, घुंगरं वाजली, म्हणजे कुणी ठेवलं हे त्याला कळावं. मग चामडं कुरकुरलं, गाडीच्या मागच्या भागात काहीतरी आपटलं आणि गाडी निघून गेली. एक शब्द बोलला नाही. निर्दोष माणूस भांडला असता.

१३ मे

अर्लीन माझ्याशी बोलत नाही. डेल्मानं जेवण आणून ठेवलं, मटणाचा रस्सा आणि भाकरी. विचारलं, "बाबांनी काय केलं, आजी?" मी म्हटलं, तुझा हार हिरवा केला. पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच मान वळवावी लागली.

"निळा आहे की," ती म्हणाली.

लहान आहे ती. तिला काय कळतं निळ्यातलं.

१६ मे

अक्षर वाचता येईल की नाही सांगता येत नाही.

संध्याकाळी मेंढ्या घेऊन परत निघाले. हातोड्याचा आवाज नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. ज्या जुनिपरच्या झाडाशी मी वळते ते सापडेना. वारा सुटला होता, धूळ होती. मेंढ्या आपल्या आपण पुढे निघून गेल्या, मी त्यांना हाका मारत राहिले. मग पायाखालची जमीन एकदम उतरली आणि मी कोरड्या ओढ्याच्या काठावरून अर्धी खाली गेले. तिथेच एका मुळाला धरून बसले. या मातीत मी जन्मले, माझी नाळ या वाड्यापाशी पुरली आहे, आणि मला घर कुठल्या बाजूला ते सांगता येईना. मला भीती वाटली. उगाच कशाला लपवू, फार भीती वाटली.

अर्लीन लांबून हाका मारत होती, पण वाऱ्यानं आवाज चारी बाजूंनी यायचा. आणि मग ते सुरू झालं. ठण्, ठण्, ठण्. वाऱ्यातूनही ते एकाच जागेवरून येत होतं. मी उठले. चालायला लागले. पाय त्या आवाजाला इतके सरावले होते की मला काही ठरवावंच लागलं नाही. वाड्याच्या फाटकाला हात लागला तेव्हा आवाज थांबला.

शेडच्या दारात डेल्मा होती, दोन्ही हातांत हातोडा. धापा टाकत होती.

"बाबा असंच करतात," ती म्हणाली. "तू आत येईपर्यंत."

१७ मे

सकाळी अर्लीननं माझा हात धरून मला शेडमध्ये नेलं. आता तिथे बघू नये असं कुणी नव्हतं.

ऐरणीच्या तोंडावर मी बोट फिरवलं. सगळीकडे खळगे. अशा ऐरणीवर आता साधी अंगठीसुद्धा करता यायची नाही.

बाकावर कॉफीचा डबा होता. त्यात मी कापलेले केशरी आणि पांढरे शिंपल्याचे तुकडे. एक बाजू जाड, एक पातळ, कडा फुटलेल्या, भोकं भलतीकडे पडलेली. बोटांनी चाचपत मी एकेक बाहेर काढत गेले. दोन हिवाळ्यांचं काम होतं. एकही त्यानं फेकलेला नव्हता. हारात आणि कड्यांत बसले ते सगळे त्यानं नव्यानं कापले होते. खडे मात्र बदलून चालणार नव्हते, म्हणून माझेच खडे चाकावर धरून जेवढे सरळ करता येतील तेवढे केले. त्यात ते लहान झाले.

मी तरीही म्हटलं, शेवटच्या सहांतला एक खडा काढून दाखव. अर्लीननं कोंदणाची पट्टी उचकटली आणि खडा माझ्या तळहातावर पालथा ठेवला. रेघ होती. नखाला लागली. आडवी नव्हती, तिरकी होती आणि कडेवरून बाहेर गेली होती.

"तू मेंढ्या घेऊन निघालीस की तो घड्याळ समोर ठेवून तुझ्या परतायच्या वेळेवर नजर ठेवायचा," अर्लीन म्हणाली. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या डोळ्यांचा विषय कुणी काढलेला तुला चालतो का, आई? आणि त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, काम करतेय तोवर करू दे. डबा पाठवायची थांबली तर ती बसेल, आणि बसली की संपेल."

मी तिथेच बाकावर बसले. मला लाज वाटली. एवढी लाज मला बोर्डिंगमध्ये केस कापले तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

१८ मे

अर्लीन सासरी निरोप घेऊन गेली. परत आली ती एकटीच. तो म्हणाला, खोगीर त्यांनी ठेवलं ते बरोबरच होतं. यापेक्षा जास्त काही बोलायला तयार नाही. याचा अर्थ काय, हे दिवसभर मला सुटलं नाही. खरंच काही केलंय की काय त्यानं? सवय जात नाही.

७ जुलै

सरकारी दवाखान्यातून कालच आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर पोरसवदा आहे, पण हात हलका. म्हणाला, आजी, हा पडदा दहा वर्षं तरी येत असेल, तुम्ही इतके दिवस चालत कशा होता? मी म्हटलं, आवाजावर. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

जाड भिंगांचा चष्मा दिला आहे. सगळं निळं दिसतं. डेल्माचा हार काढून बघितला आणि ठेवून दिला.

मग ही वही वाचली. वहीच्या ओळी चांगल्या ठसठशीत आहेत. माझीच अक्षरं त्यांच्यावर नाहीत. एप्रिलच्या पानावर तर एका वाक्यावर दुसरं वाक्य बसलं आहे, आणि दोन्हींत त्यालाच दोष.

२९ जुलै

डेल्मा शहाणी झाली. अर्लीन पहाटे धावत सांगायला आली. मक्याचं पीठ दळायला बायका जमल्या, पुरुषांनी मक्याचा केक जमिनीत भाजण्यासाठी खड्डा खणायला घेतला. बाप तर हवाच. ग्लेडिसच्या मुलाला गाडी घेऊन पाठवलं.

तो दुपारी आला. मी अर्लीनला होगनाच्या मधोमध घोंगडी टांगायला सांगितलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. तेरा वर्षांत आम्ही एकमेकांशी एक वाक्य बोललो नव्हतो. त्याचा आवाज इतका बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आई, मार्चमध्ये तुम्ही घसरलात ना," तो म्हणाला, "तेव्हा कोट टाकायच्या आधी मी तुम्हांला पाहिलं. पडल्याचा आवाज आला आणि मग घुंगरं वाजेनात, म्हणून मी धावत आलो आणि पाहिलं. तुमचे डोळे माझ्यामुळे गेले. म्हणून खोगीर बाहेर आलं तेव्हा मी काही बोललो नाही."

तर हे होतं. मी उठले, वही आणली, चष्मा लावला आणि बारा मार्चचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. ओळी फिकट, खडे हिरवट, सगळं. मग पंधरा मार्चचं.

"तुम्ही पाहिलंत ते पंधराला," मी म्हटलं. "माझे डोळे बारालाच गेलेले होते. इथे तारीख आहे."

पलीकडे कुणी तरी नाक पुसलं.

"आणि अकरा मेला मी घुंगरं काढून तुमच्या खिडकीशी आले होते," मी म्हटलं. "चोरासारखी. तुम्ही चोर आहात हे बघायला."

तो म्हणाला, "काय दिसलं?"

"हॅट."

तो हसला. मीही हसले, आणि मग मला रडू आलं, आणि ते त्यानं ऐकलं याचं मला काही वाटलं नाही. शेवटी मी ऐरणीचं विचारलं. बापानं दिलेली वस्तू अशी नासवायची होती का? वर पत्र्याचा एखादा तुकडा ठेवायचा, तोंड तरी वाचलं असतं.

"पत्रा ठेवला असता तर आवाज दबला असता," तो म्हणाला. "ओढ्यापर्यंत आला नसता."

२ ऑगस्ट

चार दिवस झाले. आज पहाटे पोर शेवटचं धावली. पुढे ती, मागे ओरडत सगळी मुलं. हार तिच्या छातीवर उडत होता आणि मला तो टेकाडापर्यंत दिसत होता. अठराच्या अठरा खडे मोजले.

बाप वाड्यापलीकडे उभा राहून बघत होता, असं अर्लीननं सांगितलं. मी तिकडे पाहिलं नाही. आता पाहिलं असतं तर नीट दिसला असता, म्हणूनच पाहिलं नाही.

९ ऑगस्ट

पाहुणे गेले, मेंढ्यांना रान दाखवायला हवं होतं. परतताना जुनिपरचं झाड लांबूनच दिसलं. कुणी तोडलं वगैरे नाही, जिथल्या तिथे आहे. वाडा दिसला, धूर दिसला, शेडचं पत्र्याचं छप्पर दिसलं.

आणि हातोडा वाजायला लागला. ठण्, ठण्, ठण्.

मला आता रस्ता दिसतो हे त्याला माहीत आहे. अर्लीननं तीनदा सांगितलं आहे. मी थोडी थांबले. मग चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि आवाजावर घरी आले.